भोक केवढं पाडायचं? वाचकांचे प्रश्न, पक्ष्यांची घरं

प्रश्न: ताई, मस्त रंगवलेलं लाकडी घरटं आणून बागेत टांगलंय, दारासमोर बसायला छोटी दांडी पण आहे, वर्ष होत आलं तरी एक पक्षी आत गेला नाही. बुलबुल तर रोज येतात, मग त्यांना का आवडत नाही?

उत्तर: बुलबुल त्यात कधीच जाणार नाही हो, तो झुडपाच्या बेचक्यात वाटीसारखं उघडं घरटं करतो. शिंपी पानं शिवतो, सूर्यपक्षी लोंबतं घरटं विणतो, यांच्यासाठी दाट झुडपं ठेवा, बॉक्स नको. बॉक्स म्हणजे झाडाच्या ढोलीची नक्कल, त्यामुळे जे मुळात ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात राहतात तेच येणार, म्हणजे चिमणी, दयाळ, साळुंकी, पिंगळा वगैरे. आणि ती दांडी आधी काढून टाका! ढोलीतल्या पक्ष्याला तिची गरज नसते, तो भोकाच्या कडेला पकडून सरळ आत शिरतो, उलट कावळ्याला टेकून आत चोच घालायची सोय होते. विकत मिळणारी निम्मी घरटी पक्ष्यांसाठी नाही, आपल्याला छान वाटावीत म्हणून केलेली असतात असं माझं स्पष्ट मत आहे. टांगलेलं असेल आणि वाऱ्याने गरगर फिरत असेल तर तेही बदला, भिंतीला किंवा खोडाला पक्कं बसवा.

प्रश्न: मी घरीच बनवणार आहे, चिमणीसाठी. मापं सांगाल का?

उत्तर: सगळ्यात महत्त्वाचं भोक, ते 32 मिमी. एवढ्यातून चिमणी आरामात जाते आणि साळुंकी अडते, भोक मोठं केलंत की साळुंकी चिमणीला हुसकावून जागा घेणार हे धरून चाला. तळ साधारण 12 ते 15 सेंटीमीटर चौरस, भोक तळापासून 12 सेंटीमीटर तरी वर हवं, कारण भोक खाली असलं तर पिल्लं लवकर बाहेर डोकावतात आणि मांजराचा पंजाही पोचतो. फळी साधी, 15 मिमीच्या आसपास जाड, पातळ फळीचा किंवा पत्र्याचा बॉक्स उन्हात तापतो आणि पिल्लं आतल्या आत भाजून निघतात. आतून रंग, वॉर्निश काही नको, उलट भोकाखालची फळी आतून जरा खरबरीत करा म्हणजे पिल्लांना वर चढता येईल. तळाला दोन-चार बारीक भोकं पाण्यासाठी, छप्पर पुढे उतरतं आणि उघडणारं. आत कापूस, लोकर, दोरे भरू नका, पायात अडकतात, गवत त्यांचं ते आणतात. आणि चिमण्यांना शेजार आवडतो, शेजारी शेजारी दोन-तीन बॉक्स लावलेत तर उत्तम (सगळे भरतीलच असं नाही).

प्रश्न: कुठे लावायचा?

उत्तर: दोन ते चार मीटर उंचीवर, दुपारचं ऊन आणि पावसाची झड थेट आत येणार नाही अशा बाजूला. मांजर उडी मारू शकेल अशी फांदी, कठडा जवळ नको.

प्रश्न: आत पिल्लांचा आवाज येतोय, झाकण उघडून बघू का? आणि मी रोज दाणे टाकते, ते पिल्लांना पुरतात ना?

उत्तर: बघावंसं वाटणारच, पण लांबूनच बघा. चिमणीची पिल्लं साधारण 14 ते 16 दिवसांत बाहेर पडतात आणि शेवटच्या दिवसांत झाकण उघडलं तर घाबरून उडता येत नसताना उडी मारतात. एखादं पिसं न फुटलेलं पिल्लू खाली पडलंच तर हाताने उचलून परत ठेवा, माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. दाण्यांचं म्हणाल तर ते मोठ्यांना चालतात, पिल्लांना अळ्या आणि किडे लागतात, आईबाप दिवसभर तेच आणत असतात. म्हणजे बागेत कीटकनाशक मारायचं आणि वर बॉक्सही लावायचा, याला काही अर्थ नाही. स्प्रे बंद करा, थोडी पानं कुरतडली जातील, जाऊ द्या.

प्रश्न: जुनं घरटं काढायचं की ठेवायचं?

उत्तर: काढायचं, पण घाई नको, चिमणी एका वर्षात दोन-तीन वेळा अंडी घालते. सगळा सीझन संपला, ये-जा पूर्ण थांबली की मास्क आणि ग्लोव्हज घालून काढा, उकळतं पाणी ओता, पूर्ण वाळवा आणि परत तिथेच लावा. पिसवा-गोचिडांसाठी पावडर मारू नका.