भांडणात ऐनवेळी शब्द सुचत नाहीत, शिवी मात्र लगेच तोंडावर येते. असं का?

अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. मुद्दा मांडताना त त प प होतं आणि त्याच तोंडातून शिवी मात्र न अडखळता निघते, म्हणजे जीभ शाबूत आहे, आवाजही शाबूत आहे. घोळ त्याच्या आधीच, वाक्य जुळवण्याच्या पायरीवर होतो.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, स्ट्रोकनंतर वाचा गेलेल्या लोकांबरोबर काम करते. तिथे हाच प्रकार फार ठळकपणे दिसतो. पाण्याचा पेला समोर धरून ‘हे काय?’ असं विचारलं, की पेशंट ओठ जुळवतो, पिण्याची खूण करतो, कपाळावर घाम येतो, पण ‘पाणी’ काही निघत नाही. पुन्हा विचारलं की वैतागून एक खणखणीत शिवी हासडतो. उच्चार अगदी स्वच्छ! घरची मंडळी ओशाळतात. मला मात्र त्यातून कळतं की काय शिल्लक आहे. अशा काही पेशंटना एक ते दहा आकडे ओळीने म्हणता येतात, पाठ असलेलं गाणं शब्दांसकट गाता येतं.

हे काही नवीन नाही. 1861 मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका याने लबोर्न्य नावाच्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. हा माणूस कित्येक वर्षं ‘टान’ एवढंच बोलत असे, पण समोरच्याला आपलं म्हणणं कळेना की भडकून शिवी घालत असे. इजा सापडली ती मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढच्या बाजूला. पुढे ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरने फरक स्पष्ट केला: विचार करून रचलेलं बोलणं वेगळं आणि आपसूक निघणारं बोलणं वेगळं. शिव्या, ‘आई गं’, पाठ असलेल्या ओळी या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांना उजवा अर्धा भाग आणि मेंदूतले खोलवरचे भाग हातभार लावतात, म्हणून डावीकडे इजा झाली तरी त्या बऱ्याचदा टिकून राहतात.

आता भांडणाकडे येऊ. तुमच्या मेंदूला इजा वगैरे काही झालेली नाही, पण तात्पुरता परिणाम त्याच दिशेचा असतो. समोरच्याचा टोमणा कानावर पडला की अमिग्डला हा भाग धोक्याची वर्दी देतो, अ‍ॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते. त्याच वेळी कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन ही रसायनं गरजेपेक्षा जास्त होतात आणि त्या भागाचं काम मंदावतं. चार मुद्दे एकाच वेळी डोक्यात धरून ठेवणं, त्यांचा क्रम लावणं, नको ते शब्द गिळणं, ही सगळी कामं याच भागाची. म्हणजे मुद्देही निसटतात आणि शिवीला अडवणाराही जागेवर नसतो.

शरीर त्यात भर घालतं. आपण बोलतो ते श्वास सोडताना, आणि लांब वाक्यासाठी तो सावकाश सोडावा लागतो. रागात श्वास तोकडा आणि भराभर होतो, घशाला कोरड पडते, स्वरयंत्राचे स्नायू आवळतात. अशा श्वासावर ‘तू मागच्या वेळीही असंच म्हणाला होतास, पण तेव्हा...’ हे वाक्य पुरं कसं होणार? दोन अक्षरी शिवी मात्र सहज मावते. तासाभराने सगळं ‘सुचतं’ तेही यामुळेच. मुद्दे डोक्यातच होते, ते बाहेर काढणारी यंत्रणा तेवढ्यात शांत झालेली असते. (त्यानंतर ती उत्तरं आंघोळ करताना एकट्याने ऐकवायची, हा भाग सगळ्यांच्याच नशिबी.)

उपाय म्हणाल, तर एका गोष्टीला बऱ्यापैकी आधार आहे. 2007 मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रागीट, घाबरलेले चेहरे दाखवले आणि स्कॅनरमध्ये मेंदू पाहिला. चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव द्यायला सांगितलं तेव्हा अमिग्डलाची हालचाल कमी झाली. प्रयोगशाळेतले चेहरे आणि घरातलं भांडण यांत अंतर आहे, हे मान्य. तरी मुद्दा सुचत नसेल तेव्हा ‘मला आत्ता प्रचंड राग आलाय, मी थोड्या वेळाने बोलते’ एवढं म्हणून बघा. वाक्य छोटं आहे आणि आधीच ठरवून ठेवलं असेल तर रचावंही लागत नाही.

मात्र राग नसताना, शांत बसलेलं असताना अचानक शब्द येईनासे झाले, बोलणं बरळल्यासारखं झालं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर त्याला टेन्शन समजून थांबू नका. तो स्ट्रोक असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठा.