आईचं कर्ज गुपचूप फेडून टाकू का?

"आम्ही भावंडांनी आईचं कर्ज गुपचूप फेडलं, तर हे थांबेल ना?" दक्षिण ऑकलंडमध्ये जुगारात अडकलेल्यांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. सामोआ, टोंगा या पॅसिफिक बेटांवरून आलेल्या घरांत बहुतेक वेळा थोरली मुलगी विचारते.

ही मुलगी सामोअन. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई पन्नाशी उलटलेली, रात्री ऑफिसं साफ करणारी. कामावर जाण्याआधी पबमधल्या पोकी मशिनसमोर, म्हणजे बटण दाबून खेळायच्या जुगाराच्या यंत्रासमोर बसायची. "एका डावाला जास्तीत जास्त अडीच डॉलर, त्यात काय जातं?" ती मला म्हणाली. नियमानं मर्यादा तेवढीच आहे. पण डाव काही सेकंदांत संपतो आणि बोट पुन्हा बटणावर जातं. मुलीनं दोनदा देणी भागवली होती. दोन्ही वेळा महिन्याभरात आई परत त्याच खुर्चीवर. म्हणून मी मुलीला स्पष्ट सांगितलं, गुपचूप फेडू नका.

दुसऱ्या भेटीत आईनं पर्समधून चर्चच्या देणगीचं पाकीट काढलं. वर पेन्सिलीनं लिहिलेला आकडा, खोडून मोठा केलेला. आत काहीच नाही. काही सामोअन चर्चांमध्ये कुणी किती दिलं ते नावासकट वाचून दाखवतात. त्यात फाआलावेलावे, म्हणजे नात्यातल्या लग्नाला, मयतीला द्यायचा वाटा. आपल्या आहेरापेक्षा रक्कम कितीतरी मोठी, पण चार लोकांत मान खाली जाण्याची भीती तीच. "पाकिटातले वाढवायला गेले होते," ती म्हणाली. मला त्यात हाव दिसली नाही.

मी सामोअन सहकारी सुचवली. आपल्या भाषेत मन मोकळं होईल, असं वाटलं. आईनं लगेच विचारलं, "ती कुठल्या चर्चला जाते?" समाज लहान, सहकारी तिच्या वहिनीची मावसबहीण निघाली असती तर? मी परकी, म्हणूनच तिला बोलता आलं. आपल्या माणसाकडे पाठवलं की संस्कृती जपली असं आपण समजतो. आधी त्या बाईला विचारायला हवं, हे मी तिच्याकडून शिकले.

सामोअन आरोग्यतज्ज्ञ फुइमाओनो कार्ल पुलोतु-एंडेमन यांची फोनोफाले ही मांडणी इथे फार उपयोगी पडते. माणूस म्हणजे एक घर: पाया कुटुंब, छप्पर संस्कृती, मधले खांब शरीर, मन, श्रद्धा आणि वय, परिस्थिती वगैरे बाकी सगळं. मी कागदावर ते घर काढलं. कुठून सुरुवात करायची, म्हटल्यावर तिनं बोट घराच्या पायावर, कुटुंबावर ठेवलं.

मग कुणाला सांगायचं ते तिनंच ठरवलं: दोन मुलं आणि मोठा भाऊ. चर्चला नाही. बैठक तिच्या घरी झाली, प्रार्थनेनं सुरू, आधी भाऊ बोलला. त्या दिवशी मात्र सामोअन सहकारी बरोबर होती, आईच्या संमतीनं. पगार मुलीच्या देखरेखीखालच्या खात्यात, देणी हप्त्यांनी आईच्याच पगारातून. तिनं जवळच्या पबमध्ये स्वतःवरच प्रवेशबंदी घालून घेतली; कायद्यानं ती दोन वर्षांपर्यंत घेता येते. त्या बंदीसाठी पबला स्वतःचा फोटो देताना तिचा हात थरथरत होता.

मध्ये एकदा ती लांबच्या पबमध्ये जाऊन आली. दुसऱ्या दिवशी तिनंच मुलीला सांगितलं.

परवा तिच्या भावाचा फोन आला. नात्यात मयत झाली होती. "सगळे बसलोय, वाटा ठरवतोय. तिनं तिचा आकडा आधीच सांगितला. लहान आहे. आम्ही तेवढाच लिहिलाय."