गणपतीच्या शाळेतला मुलगा आणि प्रतिकृतींचे काम

देवगड तालुक्यातून एका आईचे पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याचा कारखाना, आहे आणि मुलगा अकरावीत, विज्ञान शाखेत शिकतो. गेल्या वर्षी त्याने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बंदराची प्रतिकृती केली. तिच्यात जेटी, मच्छीमार बोटी, बर्फाचा कारखाना आणि दीपगृह होते, आणि सगळीकडे दिवे लावले होते. बक्षीस मिळाले, परंतु श्रावणात रेझिन (साच्यात ओतल्यावर घट्ट होणारा द्रव) ओतून केलेल्या बोटी फेसाळल्या, सिलिकॉन रबराचा एक साचा शेवटपर्यंत चिकटच राहिला, दिवे महिन्याभरात विझले आणि साडेचार हजार रुपये खर्च झाले. आता मुलगा गणित सोडून कला शाखेकडे जावे म्हणतो, मामा म्हणतात की या छंदावर पोट भरत नाही, आणि वडिलांना वाटते की त्याने घरची शाळा सांभाळावी. आईंचा प्रश्न असा आहे की प्रतिकृती करण्याचे शिक्षण कुठे मिळते आणि त्यावर संसार चालतो का.

सप्रेम नमस्कार.

आपण पत्रासोबत पाठवलेली छायाचित्रे मी पत्राइतकीच बारकाईने पाहिली, आणि खरे सांगायचे तर माझे उत्तर पत्रापेक्षा त्या छायाचित्रांतून अधिक तयार झाले आहे. केवळ प्रतिकृती करण्याची पदवी आपण शोधू लागलात, तर हाती फारसे काही लागणार नाही. हे काम दुसऱ्या एखाद्या विद्येच्या आधाराने चालते, मग ती वास्तुकला असो, डिझाइन असो, शिल्पकला असो किंवा स्थापत्य अभियांत्रिकी. म्हणून कोणते महाविद्यालय निवडावे याचा विचार करण्याआधी चिरंजीवांच्या हाताला आज काय येते आणि काय येत नाही, हे पाहणे मला आवश्यक वाटते, आणि त्यासाठी त्यांच्या फसलेल्या बोटींइतका चांगला पुरावा नाही.

पहिली गोष्ट फेसाळण्याची. पॉलियुरेथेन जातीच्या रेझिनमधील एक घटक, ज्याला आयसोसायनेट म्हणतात, तो पाण्याशी संयोग पावतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. आपल्याकडे श्रावणात हवा इतकी दमट असते की उघडा ठेवलेला डबा, ढवळण्याची लाकडी काडी, कागदी पेला आणि पुरता न सुकलेला प्लास्टरचा साचा, या सगळ्यांतून पाणी आत शिरते आणि बोट पावासारखी फुगते. यात मुलाच्या हाताचा दोष नाही, ऋतूचा आहे. हे रेझिन दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत ओतावे, पेला आणि काडी प्लास्टिकची घ्यावी, आणि डबा घट्ट बंद करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. पावसाळ्यातच काम करणे भाग असेल तर इपॉक्सी वापरता येते. दमट हवेत त्याच्या पृष्ठभागावर कधी कधी मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन टाकावा लागतो. शिवाय इपॉक्सी घट्ट होताना बरेच तापते, त्यामुळे जाड वस्तू एकदम न ओतता थराथराने ओतावी.

दुसऱ्या छायाचित्रातील बोटीचा दोष मात्र वेगळा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या बोटीत फेस नाही, पण तिची नाळ, म्हणजे पुढची निमुळती बाजू, टोकाला अर्धवट राहिली आहे, म्हणजे साच्याच्या त्या कोपऱ्यात हवा कोंडली होती. आपल्या घरच्या शाळेत माती साच्यात बोटांनी दाबून भरतात. दाबलेली माती हवेला बाहेर ढकलते, त्यामुळे हवा कुठून जाईल हा प्रश्न तिथे कधी पडत नाही. ओतकामात तोच पहिला प्रश्न असतो. द्रव वस्तू खालून वर भरत यावी, साच्यातील सर्वांत उंच बिंदूला हवा निघण्यासाठी बारीक वाट ठेवलेली असावी, रेझिनची धार बारीक असावी आणि ती एकाच जागी पडावी, आणि साचा दोन भागांचा असेल तर ते भाग नेमके जुळण्यासाठी खुंटी व खाच यांची योजना असावी, एवढ्या गोष्टी सांभाळल्या तर निम्म्याहून अधिक बोटी धड निघतील. वडिलांकडून मुलाला साच्याची जाण आलेली आहे. मात्र ती मातीची जाण आहे आणि द्रवाची जाण त्याला वेगळी मिळवावी लागेल, हे त्याने मनाशी स्पष्ट करून घ्यावे.

चिकट राहिलेल्या रबराचे कारण बहुधा नमुन्याच्या मातीत आहे. त्याने मूळ नमुना बाजारातल्या तेलकट मातीत केला होता असे आपण लिहिता, आणि तशा कित्येक मातींत गंधक असते. प्लॅटिनम उत्प्रेरकाने जमणारे सिलिकॉन रबर गंधकाच्या सान्निध्यात जमतच नाही. तीच गत नैसर्गिक रबराच्या आणि नीट न पक्व झालेल्या थ्री-डी मुद्रणाच्या नमुन्यांवर होते. कथिलाच्या उत्प्रेरकाचे रबर याबाबतीत सोशीक असते. ते काळानुसार थोडे आकसते आणि त्याचा साचा कमी वर्षे टिकतो, पण शिकणाऱ्याला तेच बरे. कोणतेही रबर असो, नमुन्याच्या एखाद्या आडबाजूला चमचाभर लावून ते जमते का हे आधी पाहावे. अशी चाचणी घेतली असती तर साडेचार हजारांतील बरीच रक्कम वाचली असती, असा माझा अंदाज आहे.

दिव्यांबाबत दोन वेगळे अपघात झाले आहेत. नऊ व्होल्टची बॅटरी एलईडीला थेट जोडली, हा पहिला. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि तिच्यातून २० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह जाऊ देऊ नये. उरलेला विद्युतदाब रोधाने (रेझिस्टरने) पेलायचा असतो. बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर तीन पांढऱ्या एलईडी एकामागे एक जोडल्या तर ९ व्होल्ट त्यांना लागतील आणि उरलेल्या ३ व्होल्टसाठी १५० ओहमचा रोध बसवावा लागेल. हे गणित अकरावीच्या विद्यार्थ्याला कठीण नाही. दुसरा अपघात खाऱ्या हवेचा आहे. ज्या जोडांवर हिरवा थर चढल्याचे आपण लिहिता, तिथे तांबे गंजले आहे. कथिलाचा मुलामा असलेली तार घ्यावी, डाग देऊन झाल्यावर उरलेला फ्लक्स पुसून काढावा आणि जोडावर पारदर्शक व्हार्निशचा हात द्यावा. समुद्रापासून दूर असलेल्या शहरातील मुलाला हा धडा इतक्या लवकर मिळत नाही.

प्रकाशाचा आणखी एक दोष छायाचित्रात दिसतो, जो आपण पत्रात लिहिलेला नाही. बर्फाच्या कारखान्याच्या भिंती आकाशकंदिलासारख्या आतून उजळल्या आहेत. सनबोर्ड, म्हणजे प्रतिकृतींसाठी वापरतात तो हलका फोमचा पत्रा, प्रकाश अडवत नाही, म्हणून भिंतीला आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा लागतो. काळा प्रकाश अडवतो आणि पांढरा तो खोलीत पसरवतो. खिडकीमागे दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा लावला की दिव्याचा टोचणारा ठिपका न दिसता खिडकी सगळीकडे सारखी उजळते. घरांच्या खिडक्यांना २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश द्यावा, आणि निळसर पांढरा प्रकाश जेटीवरील मोठ्या दिव्यांसाठी राखावा. बोटींवरील बारीक दिव्यांसाठी एकच एलईडी लपवून तिच्यापासून प्रकाशीय तंतू (ऑप्टिकल फायबर) नेणे अधिक शोभते. प्रकाश मंद ठेवण्याचे धैर्य नवशिक्याला नसते आणि प्रदर्शनाच्या परीक्षकांनाही भपका आवडतो, त्यामुळे बक्षीस मिळाले म्हणून प्रकाशयोजना बरोबर होती असे मुलाने समजू नये.

आता गणिताकडे येतो. शंभर मीटरची जेटी त्याने ५० सेंटिमीटरची केली, म्हणजे प्रमाण १:२०० झाले. त्या प्रमाणात पंधरा मीटरचा ट्रॉलर साडेसात सेंटिमीटरचा हवा आणि माणूस जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा. छायाचित्रातील पट्टीवरून ट्रॉलर पंधरा सेंटिमीटरचे दिसतात. ओतकाम कितीही सफाईदार झाले असते तरी त्या बोटींमुळे जेटी निम्मी वाटली असती, आणि पाहणाऱ्याला काय चुकले ते सांगता आले नसते, नुसते खटकले असते. चिरंजीवांचे खरे उणेपण येथे आहे. हात तयार आहे, मोजमाप तयार नाही. अशा वेळी गणित सोडणे म्हणजे नेमके जे कमी आहे तेच टाकून देणे होय. वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते व नाटा ही वास्तुकलेची प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा दुसरा पेपर द्यावा लागतो, हा व्यवहाराचा भाग झालाच. कला शाखेत गेल्यानंतर तो दरवाजा बंद होईल. उलट विज्ञान शाखेतून कलेकडे येण्याचे दरवाजे उघडेच राहतात. आयआयटींच्या डिझाइन पदवीसाठीची युसीड परीक्षा कोणत्याही शाखेतील विद्यार्थ्याला देता येते, आणि महाराष्ट्रातील ललित कलेच्या पदवीसाठी कला प्रवेश परीक्षा असते.

आता वाटा कोणत्या, हे मला ज्या अधिक योग्य वाटतात त्या पसंतीच्या क्रमाने सांगतो. पहिली पसंती मी डिझाइनला देईन. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून आणि मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी हा डिझाइनचा विभाग १९६९ पासून हे शिक्षण देत आहे, आणि अहमदाबादच्या प्रवेशाच्या दुसऱ्या टप्प्यात समोर ठेवलेल्या साहित्यातून वस्तू करून दाखवावी लागते, जिथे आपल्या मुलाचा हात शिकवणीवर्गातून आलेल्या मुलांपेक्षा मोकळा चालेल. पुण्याच्या मोटार उद्योगात नव्या गाड्यांचे पूर्णाकृती नमुने मेणमिश्रित मातीत घडवणारे कारागीर लागतात, आणि गंमत अशी की त्या मातीतही अनेकदा तेच गंधक असते. दुसरी वाट शिल्पकलेची. त्यासाठी मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय आहेच, पण घराजवळ राहायचे असेल तर चिपळूणनजीक सावर्डे येथील सह्याद्री कला महाविद्यालय एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची सूचना वाचूनच अर्ज करावा. मालवण किंवा रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातील स्थापत्य पदविका ही तिसरी वाट थोडी रुक्ष आहे. तरीही नकाशा वाचणे आणि काढणे ती पक्के शिकवते, आणि मुंबई-पुण्यातील इमारतींच्या प्रतिकृती करणाऱ्या कार्यशाळांना असा माणूस हवा असतो.

बंदर हा त्याच्या आवडीचा विषय आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९१६ साली सुरू झालेले आणि आज पुण्याजवळ खडकवासल्यात असलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र बंदरांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती बांधून त्यांत खरे पाणी खेळवते. लाटभिंत कुठे बांधावी, गाळ कुठे साचेल, असे प्रश्न तिथे प्रतिकृतीवर सोडवले जातात. सर्व बाजूंनी १:१०० प्रमाण घेतले तर वेळ शंभरपट नव्हे, दहापट लहान होतो, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर साधारण साडेबारा तासांत पुरे होणारे भरतीओहोटीचे चक्र तिथे सव्वा तासात आटोपते. विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत जहाजांच्या प्रतिकृती लांब टाकीत ओढून पाहतात. या ठिकाणी पोहोचायचे तर स्थापत्य किंवा सागरी अभियांत्रिकी करावी लागते आणि गणिताशिवाय त्यातले काहीच होत नाही. मामांना ही माहिती अवश्य द्यावी. त्यांच्या शंकेत तथ्य मात्र आहे. इमारतींच्या प्रतिकृतींच्या कार्यशाळांत सुरुवातीचा पगार बेताचा असतो, प्रकल्पाच्या उद्घाटनाआधीच्या रात्री जागून काढाव्या लागतात, आणि लेझरने कापणी व थ्री-डी मुद्रण आल्यापासून निव्वळ हातकापणी करणाऱ्याची मागणी घटली आहे. संगणकावर नकाशा काढता येणे आता ऐच्छिक राहिलेले नाही.

आपल्या काळजीत एक मुद्दा मला आढळला नाही, म्हणून तो मी घालतो. रेझिनची वाफ आणि धूळ अपायकारक असते. पॉलियुरेथेनच्या सान्निध्याने काहींना कायमचा दमा जडू शकतो. काम उघड्या पडवीत, नायट्राइलचे हातमोजे व वाफ अडवणारा मुखवटा लावून करावे आणि घासकाम पाणी लावून करावे. मुलगा फायबरच्या बोटी दुरुस्त करणाऱ्यांकडून रेझिन आणतो असे आपण लिहिता. त्या रेझिनचा हार्डनर आणि कोबाल्टचा द्रव एकमेकांत कधीही थेट मिसळू नयेत, कारण त्याने भडका उडतो. एक द्रव रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच दुसरा घालायचा असतो.

राहता राहिला यजमानांचा प्रश्न. शाळा पुढे कोण चालवणार हे अकरावीतल्या मुलाकडून आज वदवून घेऊ नये, असे माझे मत आहे. विसर्जनानंतर शाळेची पडवी रिकामी होते. ती दिवाळीपासून मार्चपर्यंत मुलाला द्यावी, आणि त्यात त्याने एकच काम करावे, म्हणजे आपल्याच चिरेबंदी घराची १:५० प्रमाणातील प्रतिकृती. आधी टेपने घर मोजून नकाशा काढावा. फूटभर लांबीचा चिरा त्या प्रमाणात सहा मिलिमीटरचा होतो. जांभ्याच्या भिंतीचा आणि कौलांचा एकेक तुकडा हाताने घडवून त्याचे साचे घ्यावेत व तेच पुन्हा पुन्हा ओतावेत, कारण जे वारंवार लागते तेवढेच ओतायचे असते, बाकीचे कापून करणे स्वस्त पडते. प्रत्येक टप्प्याची आणि प्रत्येक फसलेल्या तुकड्याची छायाचित्रे तारीख घालून ठेवावीत. प्रवेशाच्या मुलाखतीत हीच वही पुढे करायची आहे. तिच्या पहिल्या पानावर यजमानांच्या सर्वांत जुन्या साच्याचे छायाचित्र असावे आणि तो कसा घेतला होता हे मुलाने वडिलांना विचारून स्वतःच्या अक्षरात लिहावे.