गार्डला काढलं म्हणून एजन्सी सुटत नाही

प्रश्न : दिवाळीत विजयनगरच्या एका मॉलमध्ये बिल पर्समध्ये सापडेना, तर गार्डने मला ढकललं. मनगटाचं हाड मोडलं. वर चोर ठरवून चाळीस मिनिटं खोलीत कोंडलं. मॉल म्हणतो, गार्ड एजन्सीचा. एजन्सी म्हणते, त्याला काढलं, विषय संपला. दाद कोणाकडे मागू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

ताई, विषय कसला संपतोय! काढून टाकणं हा त्यांचा घरचा मामला. तुमच्या मनगटाचा हिशेब त्यात येत नाही.

नोकर कामाच्या ओघात चुकला तर मालक भरपाई देतो, हे जुनं तत्त्व. त्यावर एजन्सी हमखास म्हणेल, ‘मारहाण हे त्याचं कामच नव्हतं.’ हा बचाव कधीकधी चालतोही. म्हणून दाव्यात दुसरा मुद्दा वेगळा मांडा: त्याला शिकवलं नाही, त्याच्यावर लक्ष ठेवलं नाही, ही एजन्सीची स्वतःची हयगय. खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यात कलम 9 प्रमाणे गार्डला प्रशिक्षण देणं एजन्सीवर बंधनकारक आहे. केंद्राच्या 2006 च्या नमुना नियमांत नव्या गार्डसाठी 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष असं धरलं होतं. याचं प्रमाणपत्र आणि त्या गार्डविरुद्धच्या आधीच्या तक्रारी न्यायालयामार्फत मागवा. कागद दडवले तर न्यायाधीश त्याचा अर्थ एजन्सीविरुद्ध काढू शकतात. मात्र प्रशिक्षण नसल्यामुळेच हे घडलं, हा धागा तुम्हालाच जोडावा लागेल. या कायद्यातला दंड 25,000 रुपयांपर्यंत, तोही सरकारजमा. तुमची भरपाई दिवाणी दाव्यातूनच.

मॉललाही प्रतिवादी करा. गार्ड कोणाच्या हुकमाने उभा होता आणि एजन्सीचा परवाना त्यांनी पाहिला होता का, हे त्यांना सांगू द्या.

कोंडण्याचा मुद्दा सर्वांत भक्कम. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 40 नुसार खासगी माणसाला पकडण्याचा हक्क आहे, पण आपल्यासमोर गंभीर गुन्हा घडला तरच, आणि पकडल्यावर विनाविलंब पोलिसांकडे सोपवायचं असतं. तुमच्यासाठी पोलिसांना फोन तरी गेला का? पण बेकायदा कोंडल्याच्या भरपाईला मुदत फक्त एक वर्ष, सुटका झाल्यापासून. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका. हाड मोडल्याची आणि कोंडल्याची फौजदारी तक्रार पोलीस ठाण्यात वेगळी द्या, एक्स-रे आणि डॉक्टरांचा कागद जोडून.

या सगळ्याआधी एक काम: सीसीटीव्हीवर नवं चित्रण चढत जातं आणि जुनं पुसलं जातं. ते जपून ठेवा म्हणून मॉल आणि एजन्सी, दोघांना रजिस्टर्ड नोटीस आजच पाठवा. दाव्याचा मसुदा मागाहून करू.