‘बाईला काय कळतंय बोनसमधलं?’

मैदानावर जबाबदारीच्या जागी उभ्या राहणाऱ्या बायका, म्हणजे क्रीडाशिक्षिका, प्रशिक्षक, पंच, संघटनेतल्या पदाधिकारी, माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा गाऱ्हाणं बहुतेक वेळा एकच असतं. ‘कडक वागले तर उद्धट म्हणतात, समजुतीने घेतलं तर डोक्यावर बसतात. मग वागायचं कसं?’ आणि त्याला जोडून हमखास येतं ते हे: ‘मॅडम, माझ्यात आत्मविश्वासच कमी आहे का?’

हल्ली कुणाचंही काहीही अडलं की आत्मविश्वास वाढवायला सांगतात. त्याची शिबिरं भरतात, रील निघतात. बाई मैदानावर गडबडली की मग हे निदान तयारच असतं. मला ते पटत नाही. का, ते एका कबड्डी पंचांच्या गोष्टीतून सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव देत नाही. शाळेत त्यांना सगळे बाई म्हणतात, आपणही बाईच म्हणू.

बाई चाळिशीच्या आसपासच्या, एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षिका. कॉलेजात असताना उजव्या कोपऱ्यात खेळायच्या, पकडीला पक्क्या. पुढे पंच परीक्षा पास झाल्या आणि शालेय स्पर्धा, मुलींचे सामने असं काम सुरू झालं. एका वर्षी जवळच्या गावच्या यात्रेत पुरुषांच्या खुल्या गटाच्या सामन्याला एक पंच कमी पडला, म्हणून त्यांना उभं केलं. रात्रीची वेळ, प्रकाशझोत, मातीचं मैदान आणि दोरीला खेटून उभी असलेली गर्दी.

शेवटची काही मिनिटं उरली होती आणि फरक दोन गुणांचा होता. चढाईपटू आत शिरला, बोनस रेषेपलीकडे पाय टाकला आणि अंगठा वर करतच मागे फिरला. समोर सहा बचावपटू होते, म्हणजे बोनस, त्या रेषेपलीकडे पाय टाकल्याचा जादा गुण, मिळू शकत होता. पण पुढचा पाय रेषेपलीकडे टेकतो त्या क्षणी मागचा पाय हवेत असावा लागतो. बाईंना तो जमिनीला टेकलेला दिसला. त्यांनी बोनस नाकारला.

कर्णधार अंगावर धावून आला. बाई त्याला समजावायला लागल्या. दोरीबाहेरून कुणीतरी ओरडलं, ‘बाईला काय कळतंय बोनसमधलं?’ हशा पिकला. माइकवरच्या निवेदकालाही चेव आला आणि त्याने चूल-तव्याची एक कोटी केली. सरपंचांनी, म्हणजे मुख्य पंचांनी, बाईंना जवळ बोलावून विचारलं, ‘नक्की ना?’ ‘मला तरी तसं वाटलं,’ बाई म्हणाल्या. गुण दिला गेला. दुसऱ्या दिवशी त्या हशाची क्लिप तालुकाभर फिरली.

त्यानंतर पुढच्या स्पर्धांना बाईंनी तब्येतीचं कारण सांगायला सुरुवात केली. शाळेच्या मैदानावर शिट्टी तोंडाशी नेली तरी छातीत धडधड व्हायची. रात्री झोप नाही. माझ्याकडे आल्या त्या ‘धीट कसं व्हायचं’ हे विचारायला.

मी त्यांना खुर्चीतून उठवलं. फरशीची एक रेघ बोनस रेषा धरली, मी चढाईपटू झाले (माझं वय आणि गुडघे पाहता हे दृश्य प्रेक्षणीय असणार) आणि पाय टाकून दाखवला. बाईंची नजर झटकन खाली गेली. ‘टेकला. बोनस नाही.’ पुन्हा टाकला. ‘हा बरोबर.’ कसलाही संकोच नाही, आवाज खणखणीत. मग मी कर्णधार झाले आणि अंगावर जात ओरडले, ‘बोनस होता! दिसत नाही का?’

आता पाहण्यासारखं घडलं. इशाऱ्यासाठी वर उचललेला हात कमरेपाशीच थांबला. बाई दोन पावलं माझ्याकडे आल्या आणि बोलायला लागल्या. नियम काय आहे, त्या कुठल्या बाजूला उभ्या होत्या, त्या स्वतः किती वर्षं खेळल्या आहेत, माझ्या संघाबद्दल त्यांच्या मनात काही नाही. निर्णय पापणी लवायच्या आत झाला होता, खुलासा मात्र संपेना. आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मला भांडायला नवीन जागा देत होतं.

म्हणजे नजर शाबूत होती, खेळाची जाणही होती. निर्णय घेण्यात काही अडत नव्हतं. अडत होतं ते निर्णयानंतरच्या काही सेकंदांत, आणि तेवढ्यासाठी माणूस बदलावा लागत नाही. आम्ही क्रम ठरवला. शिट्टी. इशारा, हात पूर्ण वर जाईपर्यंत. कर्णधाराने विचारलं तर एकच वाक्य: ‘मागचा पाय टेकला, बोनस नाही.’ कर्णधार सोडून इतर कुणाला तेही नाही. त्याने पुन्हा विचारलं तर ‘पुढची चढाई’. आणि तरीही हुज्जत चालूच राहिली तर कार्ड.

कार्ड म्हणताच बाई अडखळल्या. कबड्डीत हिरवं कार्ड ताकीद देतं, पिवळ्याने खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो, लाल मिळालं की त्याचा सामना संपतो. बाईंनी मुलींच्या सामन्यात हिरवं बिनदिक्कत काढलं होतं. पुरुषांना? ‘नाही हो, कसं दिसेल ते! उद्धट म्हणतील.’ मी विचारलं, कोण म्हणेल? त्यांनी यादी सांगितली: कर्णधार, निवेदक, गावची पोरं. त्या यादीत पंच म्हणून त्यांची नेमणूक करणारं एकही माणूस नव्हतं. त्यांना ‘चांगली बाई’ हे प्रमाणपत्र हवं होतं ते नेमकं अशांकडून, ज्यांना ताकीद देणं हेच त्यांचं त्या रात्रीचं काम होतं.

त्या क्लिपशीही झुंज होती. रोज रात्री सगळे झोपले की बाई ती पुन्हा पाहायच्या, थांबवून, मोठी करून. मीही पाहिली. कुणीतरी गर्दीतून, डोक्यांच्या फटीतून काढलेली. नेमका मागचा पाय बचावपटूच्या मांडीआड गेलेला. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ‘पण मी चुकले असेन तर?’ बाईंनी विचारलं. शक्य आहे, मी म्हटलं. पंच चुकतात. मोठ्या क्रिकेटमध्ये डीआरएस, म्हणजे निर्णय कॅमेऱ्यावर तपासायची सोय, आणावी लागली ते पुरुष पंचांच्याही चुकांमुळेच. यात्रेतल्या मैदानावर रिव्ह्यू नसतो. तिथे जिथे उभे होतो तिथून जे दिसलं त्यावर निर्णय द्यायचा आणि पुराव्याशिवाय झोपायचं. हे जमायला वेळ लागतो.

त्यासाठी एक साधी वही केली. सामन्यानंतर पंधरा मिनिटं, जास्त नाही: मी कुठे उभी होते, काय दिसलं, कुठला नियम लावला, पुढच्या वेळी उभं राहण्याची जागा बदलायची का. लोक काय म्हणाले, याला वहीत रकाना नाही. वही मिटली की फोनमधली क्लिप उघडायची नाही. पहिले काही दिवस ती उघडली गेली, मग हळूहळू बंद झाली. वहीतूनच एक कामाची गोष्ट निघाली: बोनसच्या वेळी बाई थोड्या मागे राहत होत्या. एक पाऊल पुढे सरकल्या की मागचा पाय स्वच्छ दिसतो.

एका भेटीला मी त्यांच्या यजमानांना बोलावलं. ते एसटीत कंडक्टर. घरात त्यांचं पालुपद होतं, ‘चार पैशांच्या मानधनासाठी एवढी कटकट कशाला?’ बाईंना वाटायचं, यांना माझं खेळणं नकोच आहे. बोलता बोलता भलतंच कळलं. ती क्लिप डेपोत चहाच्या वेळी सोबत्यांनी त्यांना दाखवली होती, आणि सगळे हसत असताना हेही हसले होते. ते त्यांना खात होतं. मग स्वतःच म्हणाले, ‘आम्ही रोज शिव्या खातो, पण म्हणून तिकीट फाडायचं थांबवतो का? पण ते आपल्यावर असतं. बायकोला कुणी बोललं की डोकं फिरतं.’ पुढच्या सामन्याला मी येऊन दोरीपाशी उभा राहतो, अशी त्यांची तयारी. बाई पटकन म्हणाल्या, ‘तुम्ही आलात तर मी मैदानाकडे बघू की तुमच्याकडे?’ मग ठरलं की ते मुलांचं जेवण आणि अभ्यास बघतील. नवऱ्याची मदत म्हणजे पहारा असं समजणारे बरेच भेटतात. स्वयंपाकघर सांभाळलेलं जास्त उपयोगी पडतं.

एवढं झालं तरी निम्मं काम उरलंच होतं. आत्मविश्वासाच्या भाषेवर माझा राग आहे तो इथेच. कपडे बदलायला खोली नाही, रात्री अकराला परतायला गाडी नाही, प्रेक्षक रेषेपासून हातभर अंतरावर, निवेदक टिंगल करतोय आणि सगळ्या पंचांत बाई एकटी. यातलं काय मी समुपदेशनाने बरं करणार? बाईंनी तालुक्याच्या पदाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. मागण्या मोजक्या: पुरुष गटात नेमाल तर दोन महिला पंच एकत्र नेमा, परतीची गाडी द्या, दोरी मागे घ्या, आणि पंचांच्या निर्णयावर माइकवरून टिप्पणी नको.

‘दोघी कशाला, एकटीला जमत नाही का?’ असं उत्तर येणार, हे बाईंना ठाऊक होतं. मी त्यांना कतारचा दाखला दिला. 1 डिसेंबर 2022 ला पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकात पहिल्यांदा एका बाईने मुख्य पंच म्हणून सामना चालवला, फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी, कोस्टा रिका विरुद्ध जर्मनी. त्या दिवशी दोन्ही रेषांवरच्या सहायक पंचही महिलाच होत्या, ब्राझीलच्या न्यूझा बॅक आणि मेक्सिकोच्या कारेन डियाझ. एवढ्या मोठ्या मैदानावर जोडीला दोघी असू शकतात, तर यात्रेच्या मैदानावर एक असायला काय हरकत आहे?

दाखल्यांचा उपयोग मात्र बेतानेच होतो. ‘बाईला कबड्डीतलं काय कळतं’ याला नाशिकच्या शैलजा जैन यांच्याइतकं चोख उत्तर नाही. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी घडवलेल्या इराणच्या महिला संघाने अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं हरवून सुवर्ण नेलं. हे सांगितलं तर बाई म्हणाल्या, ‘त्या कुठे, मी कुठे.’ खरंच आहे, शिखर दाखवून वाट सापडत नाही. त्यापेक्षा वृंदा राठींची गोष्ट त्यांना जवळची वाटली. मुंबई विद्यापीठाकडून क्रिकेट खेळल्या, मग गुणलेखन केलं, मग पंचगिरी, आणि जानेवारी 2023 मध्ये जननी नारायणन, गायत्री वेणुगोपालन यांच्यासोबत रणजी करंडकात उभ्या राहणाऱ्या पहिल्या महिला पंचांपैकी एक झाल्या. त्यात पायऱ्या दिसतात.

आम्हीही पायऱ्याच केल्या. टाळत राहिलं की भीती पोसली जाते. पण एकदम यात्रेच्या मैदानात उडी मारूनही ती जात नाही, उलट आणखी बसते. आधी चौदा वर्षांखालच्या मुलांचे सामने, मग सतरा, मग महिला खुला गट, आणि तिथे जमल्यावर पुरुष. प्रत्येक टप्प्यावर तोच क्रम: शिट्टी, इशारा, एक वाक्य. सतरा वर्षांखालच्या गटात एका प्रशिक्षकाने रेषेवरून आरडाओरडा सुरू केला तेव्हा बाईंनी पहिल्यांदा मुलांच्या संघाला हिरवं कार्ड दाखवलं. हात थरथरत होता, असं त्यांनी सांगितलं. कार्ड दिसायला तेवढं पुरलं.

सगळं गोड झालं नाही. गाडी मिळाली, दोरी मागे गेली. कपडे बदलायला खोली अजून नाही. दुसरी महिला पंच कधी असते, कधी नसते. त्या यात्रेच्या गावात बाई जात नाहीत, आणि मी त्यांना जा असं म्हटलेलं नाही. अपमान झालेल्या जागी परत जाऊन काही सिद्ध करणं हा उपचाराचा भाग नसतो.

ज्यांना हे ओळखीचं वाटतंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. निर्णयावरची टीका आणि शरीरावरची, कपड्यांवरची, अश्लील शेरेबाजी यांत गल्लत करू नका. दुसरी सहन करायला शिकवणारा समुपदेशक भेटला तर उठून या. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या ठिकाणाची व्याख्या क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेच्या जागेपर्यंत जाते. संस्थेत अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. धमकी आली तर थेट पोलीस. आणि झोप उडणं, धडधड, कामावर जायचं टाळणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ‘माझ्यातच कमी आहे’ म्हणत बसू नका, कुणाशी तरी बोला. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

बाईंचा परवा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. संघटनेच्या पंच समितीवर त्यांचं नाव घ्यायचं चाललंय. 2025 च्या क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला हव्यात असं केल्यापासून खालीही नावांची शोधाशोध सुरू झालीय, असं त्यांचं मत. बैठका रात्री आठला, कुणाच्या तरी हॉटेलात. ‘सहीपुरतं नाव हवंय की माझं मत, हे आधीच विचारू का? की आत जाऊन बघू?’ मी म्हटलं, आधी बैठकीची वेळ बदलायला सांगा, काय उत्तर येतं ते पाहू. पत्राचा मसुदा त्यांनी कालच पाठवलाय. तीन पानी आहे. खुलासे फार झालेत, अर्धं पान पुरे, असं कळवलंय.