वर्गात दोघांना कांजण्या आल्यात. नागपुरात शाळा वर्ग बंद करते का? माझ्या धडधाकट मुलीला घरी ठेवू का?

दोन मुलांवरून वर्ग सहसा बंद होत नाही, आणि मुलगी बरी असेल तर तिला घरी ठेवायची गरज नाही. घरी राहायचं ते आजारी मुलांनी, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण 5 ते 7 दिवस. मी इथेच प्राथमिकला शिकवते. आमच्याकडे तापाच्या गैरहजेरीवर हजेरीपटात लाल खूण होते; एकाच वर्गात तिसरी खूण पडली की मुख्याध्यापिका महापालिकेच्या झोन कार्यालयात कळवतात. वर्ग बंद करून फारसं साधतही नाही, कारण पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीच लागण सुरू झालेली असते. लक्षणं 10 ते 21 दिवसांनी येतात, तेव्हा तीन आठवडे आंघोळ घालताना पाठ-पोट नीट बघा. लस झाली नसेल तर आजच बालरोगतज्ज्ञांना विचारा. संपर्कानंतर 3 ते 5 दिवसांत घेतली तरी उपयोग होतो. दाराला कडुलिंब बांधायचा तर बांधा, पण तापावर ॲस्पिरिन अजिबात नको. घरात कुणी गरोदर असेल किंवा कुणाची केमो चालू असेल, तर मात्र शाळेचं नंतर बघा, आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा.