कंट्रोलरचे वर्णन लिहिताना

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तयार होत असलेल्या तुमच्या बोर्डासाठी तुम्ही लिहिलेले आय-टू-सी कंट्रोलरचे (चिपांना दोन तारांनी जोडणारी बस सांभाळणाऱ्या भागाचे) डिव्हाइस ट्री वर्णन, म्हणजे बोर्डावर कोणते हार्डवेअर कसे जोडले आहे हे लिनक्स कर्नलला सांगणारी नोंद, वाचले. ड्रायव्हरच्या (ते हार्डवेअर चालवणाऱ्या कर्नलमधील कोडच्या) सोयीसाठी घातलेले गुणधर्म त्यातून आधी काढा; सांगलीच्या सौद्यात हळदीचा भाव समोरच्या मालावरून ठरतो, घेणाऱ्याच्या चक्कीवरून नव्हे, तसे हे वर्णन हार्डवेअरचे असते आणि ते यू-बूटसारखा बूटलोडरही (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रामही) वाचतो. 'कम्पॅटिबल'मध्ये, म्हणजे ज्यावरून ड्रायव्हर जुळवला जातो त्या गुणधर्मात, चिपचे नेमके नाव द्या. पुढच्या चिपही त्यात सामावतील म्हणून क्रमांकात अंकाच्या जागी 'एक्स' घालण्याचा मोह मलाही झाला होता, परंतु त्यांतील एखादीतच दोष निघाल्यास ती वेगळी ओळखण्याचा मार्ग उरत नाही.

इंटरप्टबाबत, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेताबाबत, विशेष जपावे. आर्मच्या जीआयसीमध्ये (इंटरप्ट कंट्रोलरमध्ये) सामायिक इंटरप्ट 32 पासून सुरू होतात, मात्र डिव्हाइस ट्रीमध्ये 32 वजा करून क्रमांक लिहितात. म्हणजे माहितीपुस्तिकेत 77 असेल तर तुम्ही 45 लिहायचे. काही पुस्तिकांत ही वजाबाकी आधीच केलेली असते, त्यामुळे इंटरप्टच्या तक्त्याची सुरुवात कोणत्या क्रमांकापासून आहे ते तपासून घ्या.

बाइंडिंगचा (वर्णनात कोणते गुणधर्म कसे लिहायचे हे ठरवणाऱ्या फाइलचा) पॅच, म्हणजे बदलांचा संच, स्वतंत्र आणि ड्रायव्हरच्या आधी ठेवा, आणि पाठवण्यापूर्वी बाइंडिंग तपासणारी 'मेक डीटी_बाइंडिंग_चेक' ही आज्ञा चालवा.